पांढऱ्या छताची गाडी

बाबांची रिकामी खोली रंगवायला आज पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि त्या वासासरशी वीस वर्षांपूर्वीची माझी स्टॉक कार, धडका देत पळवायची शर्यतीची गाडी, आठवली. नवख्यांच्या गाडीचं छत पांढरं असायचं आणि रेस सुरू होताना त्यांना सगळ्यात पुढे उभं करायचे. बाबा एकदाच बघायला आले, ऑफिसच्या कोटात, कानात कापूस घालून. गाड्या एकमेकींवर आदळायला लागल्या तसे पहिल्याच फेरीत उठून गेले. मी शेवटून दुसरा आलो.

लंडनमधल्या स्टॅनमोरला घरी पोचलो तेव्हा ते फोनवर पुण्याच्या आत्याला सांगत होते, "अगं, आपला अजय सगळ्यांच्या पुढे होता."

मी दोन सीझनमध्ये एकही रेस न जिंकता गाडी विकून टाकली.

मला सगळ्यांच्या पुढे बघितलेला एकमेव माणूस या खोलीत झोपायचा.