डब्यावर बसलेले छर्रेमामा

काडतुसांच्या दुकानात छर्रेमामांना तीस वर्षं झाली. बायकोचा वाढदिवस ते हमखास विसरत, पण कुठल्या नळीला किती छर्रे, हे झोपेतसुद्धा सांगत. "एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे करा. त्यातला एक ज्या नळीत बसेल, ती बारा बोअर. वीस केलेत तर वीस बोअर. म्हणजे आकडा मोठा, नळी बारीक. बाराला सव्वा औंस छर्रे, विसाला पाऊण. उगाच हावरटपणा नको."

म्हातारे मालक थकले आणि दुकान त्यांच्या सूनबाईने हातात घेतलं. पोरगी हुशार, टापटिपीची. आल्या आल्या तिने सगळी खोकी काढून टाकली आणि सात नंबरच्या छऱ्यांची काडतुसं पत्र्याच्या एकाच मोठ्या डब्यात ओतली. लाल बाराची, पिवळी विसाची, सगळी गुण्यागोविंदाने एकत्र.

"छर्रे एकच, मग डबा एकच," ती म्हणाली.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. तेवढ्यात नेमबाजी क्लबचे झुपकेदार मिशांचे सेक्रेटरी बारा बोअरची बंदूक घेऊन आले. तासाभरात स्पर्धा. सूनबाई डब्यात हात घालणार, तोच मामांनी डबा खाली ओढला, झाकण दाबलं आणि देवाचं नाव घेऊन वर बसकण मारली.

"मामा, उठा! नाहीतर उद्यापासून घरीच बसा."

"बसेन की. डब्यासकट बसेन."

सेक्रेटरी हसले. "अहो, बारीक काडतूस मोठ्या नळीत मावतं की!"

"मावतं, हेच तर दुखणं!" मामांनी खिशातून नमुन्याचं पिवळं, पोकळ काडतूस काढलं. बंदूक मागून घेतली, रिकामी असल्याची खात्री केली आणि ते आत सोडलं. ते सुळकन घसरलं आणि नळीत पुढे जाऊन अडकलं. "आता मागून जागा रिकामी दिसते. तुम्हाला वाटणार, भरायचंच राहिलं. वर लाल भरणार, चाप ओढणार. मग नळी एकीकडे आणि मिशी दुसरीकडे!"

सेक्रेटरींचा हात आपोआप मिशीवर गेला. सूनबाईने नळीत डोकावून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"मामा, आधी का नाही बोललात?"

"सकाळपासून बोलतोय, सूनबाई. तुम्ही लेबलं चिकटवत होतात."

ती निमूट वर्तमानपत्र पसरून जमिनीवर बसली. "उठा आता. लाल इकडे, पिवळी तिकडे. आणि उद्या नऊला या, तो शिशाचा हिशेब मला नीट शिकवा."

"येतो. पण आधी दोघांनी हात द्या. विजार झाकणात अडकलीय."

दोघांनी ओढलं. टर्रर्र! मामांनी वर्तमानपत्राचं एक पान मागे धरलं आणि उरलेल्या हाताने लाल काडतुसं वेचायला सुरुवात केली.