सुमनचे हात मी बांधले

माझी वही बाईंनी भर सभेत मोठ्यानं वाचली.

सकाळची वेळ. संस्थेचे चार विश्वस्त खुर्च्यांवर, पुढ्यात चहा. मी दाराजवळ उभी. आम्हा आयांना तिथं बसायला खुर्ची नसती. बाई म्हंजे आमच्या अधीक्षिका. आमचं मतिमंद मुलींचं वसतिगृह, कोल्हापूरच्या बाहेर, हातकणंगल्याच्या वाटंवर.

"'सुमन पाईप बगीतला की भ्येती. मंग डोक बडवती.'" बाई वाचता वाचता थांबल्या. "बगीतला! डोक! हिला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, आणि ही निदान करतेय."

सगळे हसले. एक साहेब म्हणाले, "चला, आयाबाई डॉक्टर झाल्या."

मीबी हसले. भ्यालेलं माणूस हसतंय. ते हसू अजून तोंडात कडू लागतंय.

सुमन बावीस वर्षांची. बोलत न्हाई. बिथरली की भिंतीवर कपाळ आपटायची. कपाळावर टेंगूळ, त्यावर खपली, खपलीवर परत रक्त. मधी कोण गेलं की चावायची. माझ्या मनगटावर तिचे दात अजून दिसत्यात.

मी तिला भ्यायचे. खोटं कशाला बोलू? मंगळवार पेठेतनं कामाला निघतानाच मनात यायचं, आज कपाळ फोडून घेईल, माझ्या हातातच मरंल, आणि पोलीस मला नेतील.

बाईंचा हुकूम हुता, बडवायला लागली की हात बांधायचे. जुन्या ओढणीनं, खाटेच्या दांडीला. बांधणारी मी. बांधताना ती माझ्याकडं बघायची. चावली असती, ओरडली असती तर बरं. नुसती बघायची. घरी भाजी चिरताना मी मधीच थांबायची. मालक विचारायचे, "काय झालं गं?" मी म्हणायची, "काय न्हाई."

मग मानसशास्त्र शिकलेली एक पोरगी दर गुरुवारी यायला लागली. आम्ही तिला ताई म्हणायचो. बाई तिला म्हणाल्या, "डॉक्टरांना सांगून सुमनच्या गोळ्या वाढवा, दुसरा इलाज नाही." ताई तिथनं उठली. माझ्याजवळ आली.

"मावशी, दिवसभर तिच्याजवळ तुम्ही असता. बडवायच्या आधी काय झालं आणि बडवल्यावर काय झालं, एवढंच लिहा. कशामुळं ते नको. डोळ्यांना दिसलं ते."

नववीनंतर हातात पेन धरला नव्हता. तीन आठवडे लिहिलं. आणि एकदा सगळं वाचून काढलं तर ध्यानात आलं. बहुतेक सगळं बडवणं सकाळचं. आंघोळीच्या टायमाचं.

आमच्यात आंघोळ कशी घालायचे, सांगते. मुलींचे कपडे काढून त्यांना फरशीवर ओळीनं उभं करायचं आणि पाईपनं पाणी मारायचं. थंडीतबी. लवकर उरकतंय म्हणून. पाईप धरणारी मीच. सुमननं बडवायला सुरू केलं की तिला ओळीतनं भाईर काढायचं. मग तिच्यावरचं पाणी थांबायचं.

तिला शब्द नव्हता. ती कपाळानं बोलत हुती. "नको" म्हणत हुती. आणि ते ऐकायला आम्हाला रक्त लागत हुतं.

रक्त आलं की आम्ही हात बांधायचो.

पाईपचं मी शेवटी वहीत लिहिलं. तीच ही वही, बाईंच्या हाती लागलेली. सभेत हसून झाल्यावर बाईंनी ती टेबलावर टाकली. "उद्यापासून हे लिहिणं बंद. बदनामी आहे ही संस्थेची." तेवढ्यात मागनं आवाज यायला लागला. धप. धप. दुसरी आया आंघोळी घालत हुती. "ऐकू येत नाही का?" बाई म्हणाल्या. "जा, बांध तिला."

  नोकरी जाणार, हे दिसत हुतं.

"मी न्हाई बांधणार."

"काय म्हणालीस?"

"न्हाई बांधणार. तुमी या की. तुमी बांधा."

कोण हललं न्हाई. मी पळत मागं गेले. नळ बंद केला. सुमनचं कपाळ आणि भिंत, मधी माझा हात घातला. दोन दणके माझ्या हाडांवर बसले. तिसरा आला न्हाई.

बाईंनी मला काढलं न्हाई. सुमनजवळ जायला दुसरी कोण तयारच नव्हती. मग ताईनं शिकवलं तसं केलं. सुमनला एकटीला न्यायचं, दार लावायचं. बादलीत कोमट पाणी. आधी तिचा हात पाण्यात. तिनं तळवा पुढं केला की थांबायचं, त्या क्षणाला. तळवा पुढं करायला आम्ही तिचा हात धरून शिकवलं. चौथ्या दिवशी मी घाई केली, थांबले न्हाई. तिनं कपाळ आपटलं, तीन टाके पडले. बाई म्हणाल्या, "बघ तुझं शहाणपण." मला वाटलं, पळून जावं. दुसऱ्या दिवशी भीतभीतच परत गेले.

दीड महिन्यानं एका सकाळी तिनं तळवा पुढं केला. आपणहून. मी पाण्यानं भरलेला मग खाली ठेवला. ती त्या मगाकडं बघत राहिली, परत उचलते का काय म्हणून.

अजून बडवती. कमी. कधीकधी. पण बाकीच्या मुली बडवत न्हाईत, चावत न्हाईत, गप उभ्या ऱ्हात्यात. म्हणून त्यांच्यावर पाईप चालूच हाय. मी धरत न्हाई. दुसरी धरती.

म्हणून मी सरकारी कचेरीत तक्रार दिली. माझ्या अक्षरात. बोलते तशी. ऱ्हस्व-दीर्घ कुणाकडनं तपासून घेतलं न्हाई.

सोमवारी चौकशीला बोलावलंय. भ्या वाटतंय. दोन दिवस जेवण जात न्हाई. पण जाणार. साहेब विचारतील, पाईप कोण मारत हुतं, हात कोण बांधत हुतं, कुणी सांगितलेलं. एकेकाचं नाव घेणार हाय.

पहिलं माझं.