सरांचा फ्लेक्स
नव्या फ्लेक्सचा उग्र वास आला की मला काठमांडू आठवतं. शिखर चढायला निघालेली आमची अंबरनाथची टीम तिथे उतरली, तेव्हा धूळ, हॉर्न आणि अंगावर येणाऱ्या मोटारसायकलींनी डोकं भणाणलं होतं. हॉटेलच्या दारातच आमच्या क्लबचे सर सगळ्यांच्या सॅक तपासायला बसले. माझ्या सॅकमधून आईने दिलेला पाच रंगांचा बौद्ध पंचशील ध्वज निघाला. "हा इथेच ठेव. वर राजकारण नको, फालतू वजन नको," असं म्हणत त्यांनी त्याच जागी स्वतःचा आणि नगरसेवकाचा चेहरा छापलेला फ्लेक्स कोंबला. "ह्याला वजन नाही का, सर?" "जास्त बोललास तर बेस कॅम्पवर भांडी घासत बसशील." शिखर हातचं जाईल म्हणून मी ध्वज घडी करून बाजूला ठेवला. समोरच्या स्तूपावर तेच पाच रंग बिनधास्त फडकत होते. सर आंघोळीला गेले आणि मी फ्लेक्स हॉटेलात ठेवायच्या बॅगेत टाकून ध्वज परत सॅकमध्ये भरला. शिखरावर सर म्हणाले, "काढ रे फ्लेक्स." मी ध्वज काढून एक टोक त्यांच्याच हातात दिलं. कॅमेरा चालू होता, त्यांना हसावंच लागलं. फ्लेक्स आज आमच्या खरवईच्या घराच्या पत्र्यावर अंथरलाय. दोन्ही चेहरे मुद्दाम वर ठेवलेत, कावळ्यांसाठी.