भिंगवाल्या आजी आणि गोचीड

आमच्या बंड्या कुत्र्याच्या पोटाला चिकटलेला गोचीड अर्धा तास ओढूनही निघेना, म्हणून मी त्याला उचलून कोथरूडमधल्या कुत्र्यामांजरांच्या डॉक्टरांकडे धावलो. रांगेत शेजारी एक आजी होत्या, मांडीवर मांजराची टोपली. त्यांचं नाव मला आजही ठाऊक नाही. त्यांनी पर्समधून भिंग काढलं, बंड्याला उताणं केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, गोचिडाला आठ पाय असतात. हे स्तनाग्र आहे. आपल्यालाही दोन आहेत, ओढून पाहा."

सगळी रांग खिदळली. मीसुद्धा.

आजी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी बंड्याचा ओठ वर केला. "हिरड्या छान गुलाबी आहेत. गोचीडताप मुरला की पांढऱ्या पडतात. खातो ना नीट?" मग भिंग कानांमागे फिरलं, पंजांच्या बेचक्यांत फिरलं. कुठेच काही नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी वाकून त्यांना नमस्कारच केला.

आशीर्वादाचा हात हवेतच थांबला. भिंग माझ्या मानेवर आलं.

"हलू नका," आजी म्हणाल्या. "सहा, सात, आठ. हा खरा."