उजेडाची बाटली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा, कारण हे सांगताना माझे कान अजूनही गरम होतात. असला गाढवपणा शिकलेल्या बाईच्या हातूनच होऊ शकतो!

आता बघा, राहते मी नागपुरात. इथून समुद्र कुठल्याही दिशेला धरा, शेकडो कोस लांब. आणि माझा पीएच.डी.चा विषय काय? समुद्रात अन्न तयार कोण करतं! मासे नाही हो. पाण्यावर तरंगणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या हिरव्या वनस्पती. त्या उन्हावर अन्न करतात, प्राणवायू सोडतात, आणि पार देवमाशापर्यंत सगळ्यांची पोटं त्यांच्या जिवावर भरतात.

हे मोजायची रीत सोपी आहे. समुद्राचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं. एक साध्या काचेची, ती उजेडाची. दुसरी काळ्या कागदात गुंडाळलेली, ती अंधाराची. दोन्ही दिवसभर उन्हात ठेवायच्या आणि संध्याकाळी प्राणवायू मोजायचा. उजेडाच्या बाटलीत तो जास्त निघतो. जेवढा फरक, तेवढं उत्पादन.

प्रबंध लिहून झाला होता, एवढं एकच मोजमाप पुन्हा करायचं होतं. आणि माझे मार्गदर्शक, रत्नागिरीचे सर, जूनअखेर निवृत्त होणार होते! त्याआधी प्रबंध गेला नाही तर सहा वर्षांवर पाणी. परीक्षांच्या कामामुळे मला कॉलेजातून सुट्टी मिळेना, म्हणून सरांनी नागपूरला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर समुद्राच्या पाण्याचा कॅन पाठवला. मी कॉलेजच्या गच्चीवर बाटल्या मांडल्या आणि बाळंतिणीची घ्यावी तशी त्यांची काळजी घेतली.

संध्याकाळी मोजलं. फरक शून्य.

पुन्हा मोजलं. शून्य! मी कपाळाला हात लावला.

आमच्या प्रयोगशाळेतले वासुदेवराव, मूळचे मौद्याचे, तिथंच नळ्या धूत होते. "काहून घाबरून राहिल्या मॅडम?"

"वासुदेवराव, सारे मेले हो! एकही जिवंत नाही."

"अरे बापरे! कोण गेलं?"

"वनस्पती!"

"हात्तिच्या," म्हणाले, आणि पुन्हा नळ्यांकडे वळले.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "प्रवासात मेल्या असतील. दुसरं पाणी पाठवतो."

दुसरं पाणी आलं. शून्य. तिसरं आलं. शून्य! तोवर माझी झोप उडाली होती. उठता-बसता कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजत होते. शेवटी सर म्हणाले, "ताजं पाणी पुढं पाठवतो, तुम्ही बाटल्या मांडून ठेवा. मीच येतो."

म्हणजे काय झालं, कळतंय का? कोकणातला साठीचा माणूस, मे महिन्यात, नागपुरात! माझ्यापायी सरांना ऊन लागलं तर? मी धंतोलीतल्या दोन दवाखान्यांचे नंबरसुद्धा लिहून ठेवले.

सर आले. पन्हं प्यायले आणि तडक गच्चीवर चढले. बाटल्या मी सकाळीच मांडल्या होत्या.

"यातली उजेडाची कुठली?"

"ही डावीकडची, सर."

"मला तर दोन गाठोडी दिसतायत."

"सर, काळ्या कागदातली अंधाराची. आणि ही…"

"हिच्यावर काय आहे?"

"ओला टॉवेल, सर. चार पदरी. म्हटलं, बिचाऱ्यांना ऊन नको लागायला."

तुम्ही नागपूरचे असाल तर समजून घ्याल! मे लागला की आमच्याकडे माठ, गाडीची सीट, स्वतःचं डोकं, जे समोर दिसेल त्यावर ओलं फडकं पडतं. हात आपोआप जातो हो, डोक्याला विचारत नाही.

सरांनी टॉवेलचं एक टोक उचलून खालची काच बघितली. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या प्रबंधाचं शीर्षक काय?"

"'सूर्यप्रकाश आणि सागरी उत्पादन', सर."

टॉवेल काढला. बाटल्या थंड राहाव्यात म्हणून सरांनी त्या पाण्याच्या टबात बुडवून ठेवल्या. संध्याकाळी मोजलं तर फरक असा भरघोस, की मी तिथंच ढसाढसा रडले. प्रबंध जूनअखेरच्या आत जाणार होता!

सर विश्रांतीला गेले. मी डोळे पुसत टॉवेल पिळत होते, तेवढ्यात वासुदेवराव म्हणाले, "मले तं पहिल्याच दिवशी दिसला होता तो टॉवेल."

"मग बोलले काहून नाही?" मी जवळजवळ किंचाळलेच.

"आता कसं सांगू मॅडम! मले वाटलं, आपण साधी माणसं उजेडात पाहतो. डॉक्टर व्हाचं असन तं झाकूनच पाहा लागत असन."