ब्रह्मदेव की माकड: आमच्या घरी लागलेला निकाल

मंडळी, उत्क्रांती खरी की ब्रह्मदेवाची सृष्टी, यावर आपण वाचनालयाच्या ओट्यावर किती भांडलो! दोन्हींचा मेळ बसतो, दशावतारातही आधी मासाच येतो, असं मीच तावातावानं सांगायचो. आज तो मेळ माझ्याच घरी बसला.

आज सर्वपित्री अमावास्या. माझे वडील भिक्षुकी करतात; त्यांना माझा हा मेळ मान्य नाही, त्यावरून घरीही आमचं रोज वाजायचं. सकाळी ते आमच्याच पितरांचे पिंड करायला बसले होते. बायको दारात येऊन म्हणाली, "मामंजी, बबीच्या नावानं एक घास ठेवा ना."

बबी आमची मुलगी. श्रावणात तापानं गेली. पालथीसुद्धा पडायला लागली नव्हती.

वडिलांनी मान वर केली नाही. "दात न आलेल्या लेकराले पिंड नसतो, सूनबाई. शास्त्रात नाही."

मग ती माझ्याकडे वळली. मी हायस्कुलात सायन्स शिकवतो. "तुमच्या शास्त्रात काय हाय?"

सवयीनं वर्गातलंच वाक्य तोंडून निघालं. "दुबळा जीव टिकत नाही."

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, "म्हंजे पोथीत नाही अन् पुस्तकातबी माह्या लेकीले जागा नाही. मंग तुमी बापलेक इतके दिवस काहून भांडून राहिले?"

वडिलांच्या हातातला पिंड तसाच राहिला.

दुपार टळली, ती अजून जेवलेली नाही. मंडळी, तुमच्यापैकी कोणाकडे तिसरं उत्तर असेल तर आजच सांगा. मला वाद घालायचा नाही. तिला सांगायचं आहे.