दिसलं का तुला?

“तुला दिसलं का, का अंदाजानं बोलतीस?” समोरच्यानं काहीही सांगितलं की बाईंचा हा सवाल यायचाच. तो डॉक्टरांना आणि एसटीच्या कंडक्टरलाही चुकला नव्हता.

खर्ड्याजवळच्या एका वस्तीवर त्यांनी निम्मं आयुष्य खव्याच्या भट्टीसमोर दूध आटवण्यात काढलं. धुरानं छाती गेली. नगरच्या दवाखान्यात तपासणीला यायच्या, तिथं आमची गाठ पडली. मी इंजिनिअरिंग कॉलेजात संशोधन करत होते. माणसाच्या छातीच्या स्कॅनवरून संगणकात श्वासनलिका उभी करायची आणि तिच्यातून हवा कशी वाहते ते गणितानं काढायचं. एक निरोगी छाती, एक आजारी. आजारी छाती बाईंची.

पहिल्या दिवसापासून आमचं पटलं नाही. सहीसाठी कागद पुढं केला, तर त्यांनी तो पालथा घातला.

“माझ्या छातीवर तू शिकनार. मला काय?”

“पुढच्या पेशंटना उपयोग होईल.”

“पुढचे माझे कोन?”

सही केली, पण पेन माझ्याकडं भिरकावून. माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुम्हालाही त्या आवडल्या नसत्या.

काही महिन्यांनी त्यांना पडद्यावर चित्र दाखवलं. निरोगी छातीत हवेच्या निळ्या रेघा सगळीकडं पसरत होत्या. त्यांच्या छातीत त्या अरुंद जागी दाटायच्या आणि पुढं विरळ व्हायच्या. “हवा आत जाते, पण बाहेर पडायला वाट पुरत नाही. थोडी कोंडून राहते,” मी म्हणाले.

बाईंनी पडद्यावर बोट टेकवलं. “आन ह्या टोकाच्या बारीक फांद्या?”

“इतकं बारीक स्कॅनमध्ये दिसत नाही. तिथं आम्ही धरून चालतो.”

“म्हंजी अंदाजानं!”

माझ्या कामातली नेमकी कच्ची जागा. मला लाज वाटायला हवी होती, पण संताप आला. मी लॅपटॉप मिटला.

“मिटू नको. ह्ये घिऊन माझ्या घरी ये,” त्या म्हणाल्या. तो हुकूमच होता.

चिडत चिडत गेले. भट्टीवर आता सून बसत होती, डोळे लालभडक. आईचं खोकणं म्हणजे नाटक, असं मुलगा चारचौघांत सांगायचा. मी बाजेवर लॅपटॉप उघडून सगळं दाखवलं. तो हसला. “टीव्हीवर काय बी दाखवत्यात.”

“ही पोरगी मला आवडत न्हाई,” बाई दम घेत घेत म्हणाल्या, “पर जे दिसलं न्हाई, ते न्हाई दिसलं म्हनती. तिचं खरं हाय. उद्यापासनं सून भट्टीवर बसनार न्हाई.”

“मंग कोन बसनार?”

“तू बस.”

त्यानं उलथनं भिंतीवर फेकलं आणि मोटारसायकल काढून निघून गेला. मला कुणी पाणीही विचारलं नाही.

पुढच्या तपासणीला बाई आल्या नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाही. शेवटी मी वस्तीवर गेले. मुलगा दारात आडवा उभा राहिला.

“गेली आई. आता कुनाची छाती पायजे?”

त्यानं उत्तराची वाट पाहिली नाही. अंगणात जाऊन त्यानं नाकातोंडावर ओला टॉवेल बांधला, माझ्याकडं पाठ केली आणि भट्टीसमोर बसून दूध ढवळू लागला.